आमच्याकडे कुणालाच नाही

कोरेगाव,
२० नोव्हेंबर

चि. ज्ञानदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे फोन येऊन गेले. उचलले नाहीत म्हणून रागावू नकोस. फोनचा आवाज बिघडलाय. मी बोलतो ते पलीकडे फाटून ऐकू येतं, असं दुकानदार म्हणाला. दुरुस्तीला टाकायचा आहे, तोवर पत्र लिहीत जाईन. तुझे मेसेज मला वाचता येतात, तेव्हा तू फोनवरच लिही. माझं टायपिंग तुला माहीत आहे, एका ओळीला अर्धा तास.

वल्लरीच्या शाळेनं क्रीडादिनाला आजोबा या नात्यानं मला पाहुणा म्हणून बोलावलंय, याचा आनंद झाला. नववं वर्ष लागलं की मुलांना मैदानाचं खरं वेड लागतं. पण मला यायला जमेल असं दिसत नाही. त्याच आठवड्यात इथे तालुक्याच्या खो-खोच्या मॅचेस आहेत आणि पंच म्हणून माझं नाव घातलंय. रिटायर झालो तरी लोक सोडत नाहीत. तिला माझ्या वतीनं सांग की सुरुवातीलाच सगळा जोर लावायचा नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी यंदा लवकर पडली. सोयाबीन, घेवड्याच्या मळण्या झाल्या तेव्हा गावभर धूळ होती, म्हणून पहाटेचं फिरणं बंद ठेवलं ते अजून सुरू केलेलं नाही. वरची खोली कुलूप लावून टाकली, खालीच अंथरूण घालतो. एकट्या माणसाला दोन मजले कशाला?

तुमच्या सोसायटीत लिफ्ट बसवणार होते, त्याचं काय झालं? सहज विचारलं.

जावईबापू सुमंतरावांना नमस्कार.

तुझा,
अण्णा


कोरेगाव,
२२ डिसेंबर

चि. ज्ञानदा हिस आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. परत वाचला.

खो-खोच्या मॅचेस झाल्याच नाहीत, हे तुला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. पुढे ढकलल्या. मला आयत्या वेळी कळलं.

तू लिहिलंस की आई गेल्यापासून तू मला सांगलीला बोलावते आहेस आणि दर वेळी माझं काही ना काही निघतं. तू लिहिलंस, ‘लेकीच्या घरी जाऊन राहणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं, हे मला एकदा स्पष्ट सांगा. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही असल्या जुन्या समजुती तुमच्याही असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.’

आता तू म्हणतेसच तर तसं समज. आपण गावात राहतो, चार लोक बोलतात. मी जुना माणूस आहे.

माझ्या तब्येतीची काळजी नको. उलट सुधारली आहे. आपला नाथाजी, शेजारचा, तो दहिवडीकडच्या एका माणसाकडून पुड्या आणतो. टॉनिकसारखं आहे, काळपट रंगाचं. ‘सर, दोन दिवस घ्या, घोड्यागत पळताय का न्हाई बघा,’ म्हणाला. खरंच फरक पडला. भूक लय लागते, चेहरा भरलाय. बोटातली अंगठी निघेना म्हणून साबण लावून काढली. भेटशील तेव्हा ओळखणार नाहीस.

वल्लरीचा नंबर आला नाही म्हणून ती रडली, असं लिहिलं आहेस. मध्येच थांबली आणि खोकायला लागली म्हणतेस. लहान आहे. सराव नसेल.

तुझा,
अण्णा


कोरेगाव,
२८ जानेवारी

चि. ज्ञानदा,

कुणी तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून मीच लिहितो.

सव्वीस जानेवारीला हायस्कूलवर संचलनाच्या आज्ञा मी द्याव्यात, असं हेडमास्तरांचं म्हणणं होतं. मी आधी नको म्हटलं, मग हो म्हटलं. सकाळी पोटात काही नव्हतं. मैदानाच्या कडेला कुणीतरी पाचोळा पेटवलेला होता, त्याचा धूर सगळा इकडेच येत होता. ‘सावधान’ म्हटलं. पुढचे शब्दच निघेनात. पोरं तशीच ताठ उभी राहिली. शेवटी दुसऱ्या सरांनी पुढची आज्ञा दिली आणि मला खुर्चीवर बसवलं. चक्कर होती. उपासाची.

लोक काहीही बोलतात. तू मनावर घेऊ नकोस.

अण्णा


सातारा,
१६ फेब्रुवारी

चि. ज्ञानदा,

चार दिवस साताऱ्याला आलोय. एका जुन्या सहकाऱ्याकडे उतरलोय. गप्पा, जेवण, आराम. घराला कुलूप दिसलं असं कुणी तुला कळवलं तर घाबरू नकोस.

हात जरा थरथरतोय म्हणून अक्षर असं आहे. चहा जास्त होतो इथे.

अण्णा


कोरेगाव,
९ मार्च

चि. ज्ञानू,

तुझा मेसेज सकाळी आला. आता संध्याकाळी लिहायला बसलोय.

वल्लरीला पहाटे खोकल्यानं जाग येते, थंड काही खाल्लं, घरात झाडलोट झाली की छातीत शिट्टी वाजल्यासारखं होतं. खोकल्याची बाटली संपली की पुन्हा तेच. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला दमा आहे का? आणि तू सांगितलंस, ‘आमच्याकडे कुणालाच नाही. माझे वडील पीटीचे सर होते, साठी उलटेपर्यंत रोज पळायचे.’ मग ते म्हणाले, पंप सुरू करून बघू. तू म्हणालीस, नको, इतक्यात नको, मुलीला पंपाची सवय लागली तर पुढे काय? आणि खोकल्याची दुसरी बाटली घेऊन घरी आलीस.

डॉक्टरांना पुन्हा भेट. ते सांगतात तसं कर.

जास्त लिहीत नाही. मला जरा विचार करू दे.

अण्णा


कोरेगाव,
११ मार्च

चि. ज्ञानू,

परवाचं पत्र पोस्टात टाकलं आणि तिथेच पायरीवर बसलो. पत्र पोचायला दिवस लागतील, तोवर पोरगी खोकत राहील. म्हणून तिथूनच तुला मेसेज केला, ‘डॉक्टरांना सांग, घरात दमा आहे.’ तू लगेच विचारलंस, ‘कुणाला?’ त्यानंतर तुझे फोन येत राहिले आणि मी फोन बंद करून ठेवला. याचं उत्तर आवाजानं द्यायचं धाडस मला होत नाही.

मला आहे, ज्ञानू. दमा मला आहे.

हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिला.

फोनला काही झालेलं नाही. एक वाक्य पुरं करायला मला मध्ये थांबावं लागत होतं आणि ते तुला ऐकू आलं असतं. खो-खोच्या मॅचेस मी बनवून सांगितल्या. तुझ्या तिसऱ्या मजल्याची मला धास्ती होती. वल्लरीच्या मैत्रिणींसमोर, तुझ्या शेजाऱ्यांसमोर, मी जिन्यात कठड्याला धरून तोंड उघडं टाकून उभा आहे, असं मला रोज दिसायचं. लेकीच्या घरी पाणी न पिण्याचं तू लिहिलंस तेव्हा मला बरंच वाटलं, हे सांगताना मान खाली जाते. आयतं कारण मिळालं. तू मला कोत्या मनाचा समजलीस तरी चालेल, दमेकरी समजू नयेस, असा माझा हिशोब होता.

सव्वीस जानेवारीचंही ऐक. उपासबिपास काही नव्हता. नंतर गावात उठलं की सर पिऊन आले होते. नाथाजी चिडून मला म्हणाला, ‘आवं सर, एकदा चावडीवर येऊन सांगा की न्हाई म्हणून. लोकं काय बी बोलत्यात.’ मी गेलो नाही. ते खोडायचं तर मग काय झालं होतं ते सांगावं लागलं असतं. ज्यानं आयुष्यात सुपारी खाल्ली नाही त्यानं दारुडा म्हणवून घेतलं, कारण ते दम्यापेक्षा हलकं वाटलं.

आता साताऱ्याचं. तिथे माझा कुणी सहकारी नव्हता. मी दवाखान्यात होतो.

नाथाजीच्या पुड्यांनी सुरुवातीला खरंच जादू केली होती. मग चेहरा सुजला, पाय सुजले, रात्रंदिवस तहान. मला भीती वाटली आणि मी एका दिवशी त्या एकदम बंद केल्या. त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी दाढी करत होतो तेव्हा छाती अशी आवळली की वस्तरा हातातून पडला. श्वास आत जात होता पण बाहेर येईना. दारापर्यंत गेलो आणि उंबऱ्यावरच बसलो. नाथाजी गोठ्यातून येत होता. मला हाक मारता येत नव्हती, मी नुसता हात हलवला. त्याला वाटलं मी रामराम करतोय. त्यानंही हात केला आणि पुढे गेला. मग काय वाटलं कोण जाणे, तो मागे वळला.

‘सर, ओठ निळं पडल्यात तुमचं,’ म्हणाला. त्यानं जीप काढली आणि साताऱ्यापर्यंत वाटेत कुठे थांबला नाही. स्टिअरिंग धरून एकटाच पुटपुटत होता, ‘म्या आणून दिल्या पुड्या, म्याच आणून दिल्या.’

तिथे डॉक्टर अकिला शिकलगार म्हणून एक बाई आहेत, तुझ्याच वयाच्या असतील. मला मास्क लावला, वाफेतून औषध दिलं, सुया दिल्या. दुसऱ्या दिवशी जरा सावरलो तेव्हा त्या खुर्ची ओढून बसल्या.

‘सर, हा दम लागण्याचा त्रास कधीपासून आहे?’

‘मला दम लागत नाही,’ मी म्हणालो.

त्या शांतपणे म्हणाल्या, ‘एवढं वाक्य तुम्ही तीन तुकड्यांत बोललात.’

मग मी सांगितलं. तुझी आई गेली त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सुरू झालं. आधी पहाटेचा खोकला, मग चढ चढताना शिट्टी. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हटलं, नाही. नंतर बराच वेळ छताकडे बघत पडलो आणि त्यांना परत हाक मारली. माझ्या आईला होता. तू तिला पाहिलेलं नाहीस. रात्रभर उशा रचून बसायची. आम्ही त्याला ‘आईचा खोकला’ म्हणत असू. वडील म्हणत, आपल्यात असलं काही नाही, थंडी बाधते तिला. तोच शब्द आमच्या सगळ्यांच्या तोंडी बसला. ती गेली तेव्हाही खोकल्यानंच गेली, असंच आम्ही लोकांना सांगितलं.

डॉक्टरबाईंनी मला यंत्रात फुंकायला लावलं. मी पोरांसमोर उभा राहून ज्या छातीनं शिट्टी वाजवायचो, तिच्यातून फुंकर म्हणून काय निघालं ते सांगत नाही. मग त्यांनी समजावलं ते तुला जसंच्या तसं लिहितो, कारण ते वल्लरीसाठी आहे.

श्वासाच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. आपल्याला बरं वाटत असतं तेव्हाही थोडी सूज असतेच. मग धूळ, धूर, थंड हवा, सर्दी, एखाद्याला मांजराचे केससुद्धा, असं काही लागलं की त्या नळ्या आवळतात. म्हणून औषधं दोन. एक रोजचं, सूज उतरवायचं. दुसरं अडचणीचं, आवळलेलं सोडवायचं. बरं वाटलं म्हणून रोजचं आपल्या मनानं बंद करायचं नाही आणि अडचणीचं वारंवार लागायला लागलं तर डॉक्टरांकडे जायचं, कारण त्याचा अर्थ रोजचं पुरत नाही किंवा नीट घेतलं जात नाही.

मी तुझाच प्रश्न विचारला. सवय लागली तर?

‘सवय तुम्हाला पुडीची लागली होती, सर,’ त्या म्हणाल्या. ‘त्यात बहुतेक स्टेरॉइड होतं, किती ते देणाऱ्यालाही माहीत नसेल. तुम्ही ते एकदम सोडलंत म्हणून इथवर आलात. पंपातलं औषध अगदी थोडं असतं आणि जिथे सूज आहे तिथेच जातं. त्याचं व्यसन लागत नाही.’

‘पण म्हणजे जन्मभर का?’

‘ते आत्ता कुणी सांगू नये. काहींचं कमी होतं, लहान मुलांचं पुष्कळदा. दमा असलेली मुलं मैदानावर पळतात, सर. फक्त आधी तो काबूत आणावा लागतो.’

मैदानावर पळतात, हे मला, पीटीच्या सराला, कुणीतरी सांगावं लागावं.

मग पंप कसा घ्यायचा ते शिकवलं. मी नुसता तोंडात दाबत होतो, सगळं औषध जिभेवर. आधी श्वास पूर्ण सोडायचा, दाबता दाबता सावकाश आत ओढायचा, धरून ठेवायचा, आणि रोजचं औषध घेतल्यावर चूळ भरायची. मुलांना हे एका दमात जमत नाही, त्यांच्यासाठी मध्ये प्लास्टिकचं नळकांडं लावतात, स्पेसर म्हणतात त्याला. तो नक्की माग.

आणि हे नीट वाच. ती बोलताना वाक्य तोडायला लागली, बरगड्यांमधलं कातडं आत ओढलं जायला लागलं, ओठ निळसर दिसले, किंवा अडचणीचं औषध देऊनही फरक पडला नाही, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. उचलून दवाखान्यात न्यायचं. मी उंबऱ्यावर बसून लोक काय म्हणतील याचा विचार केला होता. तेवढाही वेळ घालवू नकोस.

साताऱ्याहून आल्यापासून मी पंप नियमित घेतो. घरात मी एकटा असतो, तरी दार लावून मोरीत जातो आणि नळ सोडून ठेवतो. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. हे मी कुणाला सांगितलं नसतं. पण तू डॉक्टरांना ‘आमच्याकडे कुणालाच नाही’ असं ज्या ताठ मानेनं सांगितलंस, ती मान माझी आहे. तुला खोटं बोलायला मीच लावलं, तुझ्या नकळत. माझ्या नातीची छाती वाजत राहिली आणि मी इकडे नळ सोडून उभा होतो.

माझ्यावर राग धर. पंप मात्र सुरू कर.

अण्णा


कोरेगाव,
६ एप्रिल

चि. ज्ञानू, अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. गाडीत खिडकी मिळाली. कऱ्हाडपर्यंत झोपलो.

तुझ्याकडे राहिलो तेव्हा समोरासमोर जे बोलता आलं नाही ते लिहितो. सवय वाईट लागली आहे.

पत्र मिळाल्यावर तू नुसतं ‘या’ एवढंच पाठवलंस, तेव्हा मला वाटलं, आता बोलणी खायची आहेत. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर मी बुटाची नाडी बांधत बसलो होतो. नाडी सुटलेली नव्हती. वरून तू बघत होतीस, हे मला ठाऊक होतं. तू खाली आली नाहीस, हाक मारली नाहीस, थांबलीस. वर पोचल्यावर पाण्याचा तांब्या पुढे केलास आणि म्हणालीस, ‘प्या. लेकीच्या घरचं आहे.’ मी प्यालो. तुझ्याकडे बघवलं नाही.

रात्री भांडी आवरताना तू म्हणालीस, ‘तुम्हाला दमा झाला याचा मला कसला राग? तुम्ही मला परकी केलंत. मला वाटत राहिलं, आई होती तोवरच मी लेक होते.’ मी हातातला तांब्या पुसत राहिलो. आज तरी काय उत्तर देऊ? चुकलो, हे दोन अक्षरी तीन अक्षरी काहीतरी फार लहान वाटतं.

वल्लरीला पंप देताना तू पडदा ओढून घेतलास. समोरच्या गॅलरीतून दिसतं म्हणालीस. वर म्हणालीस, मुलगी आहे, उद्या कुठे काय आडवं येईल सांगता येत नाही. मी बोलणार होतो, पण मोरीत नळ सोडणाऱ्या माणसानं पडद्यावर काय बोलावं? मी फक्त माझा पंप काढला आणि तिच्या शेजारी बसलो. ती स्पेसरमधून श्वास घेत बोटांवर मोजत होती. तिचं झाल्यावर माझ्याकडे नीट बघून म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही फार घाई करता.’ चाळीस वर्षं मी पोरांना हेच ओरडून सांगितलं असेल.

ती आता पहाटेची उठत नाही, असं तू म्हणालीस. मी होतो त्या रात्री मला जाग होती. खरंच उठली नाही. मी अंधारात तिचा श्वास ऐकत पडलो होतो. नुसता श्वास, दुसरा काही आवाज नाही.

मी छाती दाखवायला सांगलीला गेलो, असं नाथाजीला वाटलं होतं; इकडे आल्यावर तो विचारायला आला, ‘काय म्हनत हुते सांगलीचे डाक्टर?’ साताऱ्याला त्यानंच नेलं, सगळं त्याच्यासमोर झालं, तरी मी ‘छातीत कफ होता, निघाला’ असं सांगून मोकळा झालो. तोंडाला सवय आहे. तो मान हलवून गेला. उद्या त्याला बोलावून सांगायचं ठरवलंय. चावडीवर सांगायला मला आणखी किती दिवस लागतील ते माहीत नाही. लाज एकदम जात नाही, ज्ञानू. पुडीसारखी एका दिवशी बंद करता येत नाही.

शेवटचं. निघायच्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन वर आलो आणि आतल्या खोलीत पलंगावर टेकलो होतो. दारात समोरच्या शरयूताई आल्या. मी आत आहे हे तुला माहीत होतं, पण मला ऐकू येतंय हे बहुतेक माहीत नव्हतं.

त्या म्हणाल्या, ‘वल्लरीचा खोकला हल्ली येत नाही ऐकू. काय निघालं मग?’

मी पलंगाची कड धरली. अशा वेळी काय उत्तर द्यायचं असतं ते मला पाठ आहे. थंडी बाधली होती. हवा मानवत नव्हती. कफ होता.

तू म्हणालीस, ‘दमा आहे तिला. पंप सुरू केलाय, बरी आहे आता.’

‘अगं बाई. तुमच्याकडे कुणाला होता का?’

‘माझ्या वडिलांना आहे. त्यांच्या आईलाही होता.’

मग त्यांनी विचारलं, ‘वडील आलेत ना तुझे? दिसले नाहीत ते.’

‘आहेत की आत. दूध घेऊन तीन मजले चढून आलेत, दम खातायत.’

बोलल्यावर तुझं तुलाच कळलं आणि तू हसलीस. त्याही हसल्या. तू त्यांना आत चहाला बोलावलंस.

मी आत एकटाच बसून हसलो. हसता हसता खोकला आला. तो मी दाबला नाही.

तुझा,
अण्णा